निळा दिवा स्थिर होईपर्यंत

विश्वाचा सगळा कारभार एकाच नियमावर चालतो: जाणाऱ्याने आधी आपला भार खाली ठेवावा, मग जावं. हे ज्ञान मला तपश्चर्येने मिळालेलं नाही. आमच्या यंत्रखोलीतल्या कपाटाच्या दारावर तो कागद चिकटवलेला होता. खाली कोणीतरी पेनाने लिहिलं होतं, 'आणि डबे वर गरम करायला ठेवू नयेत.'

कपाटात वीज पुरवणारी बारा कार्डं होती. प्रत्येकातून चाळीस अँपिअर. एखादं बिघडलं, तर बाकीची चालू ठेवूनच ते काढायचं. खटका अर्धा उघडला, की कार्डावरचा निळा दिवा लुकलुकू लागतो. तेवढ्यात त्याचा भार शेजारची कार्डं वाटून घेतात. दिवा स्थिर झाला म्हणजे त्यातून वीज वाहायची थांबली. मग ओढायचं. लुकलुकताना ओढलं, तर ठिणगी उडते आणि पिना वितळतात. माझा सोबती घाईराव याची उजवी भुवई त्यापायीच अर्धी राहिली होती.

एका सकाळी तो नवव्या कार्डासमोर वाकून उभा होता.

"खटक्याला हात लावला नाही, तरी लुकलुकतंय बघ."

"लावला असशील. तुझा हात तुला विचारून कुठे जातो?"

"आईची शपथ!"

कार्ड काढून तपासलं. निर्दोष. नवं बसवलं, तर तेही लुकलुकलं. मी समोर वाकलो, तेव्हा मात्र काहीच नाही. घाईराव वाकला, की पुन्हा सुरू.

कार्डाची पट्टी आरशासारखी चकचकीत होती. दिवा कार्डावर नव्हताच. मी वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेलो. कानाखाली, कातडीच्या आत, टाचणीच्या डोक्याएवढा निळा ठिपका लुकलुकत होता.

 मी दुसऱ्याच दिवशी डोळे तपासून घेतले. चष्म्याचा नंबरही वाढला नव्हता.

त्याच महिन्यात त्याच्या मुलीने घरची गाडी चालवायला घेतली. आईच्या दवाखान्याच्या खेपा बायकोने अंगावर घेतल्या. त्याची तपासणीची वही मी लिहू लागलो होतो. कधीपासून, ते आठवेना.

"हल्ली हलकं वाटतं रे," तो म्हणायचा.

मला कपाटावरचा कागद आठवला. मी वही उचलून त्याच्या टेबलावर नेऊन ठेवली. उभ्या आयुष्यात मी पहिल्यांदाच दुसऱ्याला काम सांगत होतो.

"आणि वहिनींना सांग, आईला दवाखान्यात तूच नेणार."

"कशाला? तिला जमतंय की."

संध्याकाळी वही माझ्या टेबलावर होती. भरलेली. अक्षर माझंच.

गुरुवारी जेवणाच्या सुट्टीनंतर त्याचा दिवा स्थिर झाला. तो खुर्चीत बसला होता.

मी मनगट धरून पाहिलं. नाडी नव्हती.

ठिणगी उडाली नाही.

बाराही कार्डांचे आकडे जागचे हलले नाहीत.

याला आठ वर्षं झाली. आता मी निवृत्त आहे. नळ, दिवे, दुरुस्त्या मुलगा बघतो. गाडी सूनबाई चालवते. झाडांना पाणी घालायचं काम नातीने काढून घेतलं. म्हणे आजोबा पाण्याने झाडं बुडवतात. तक्रार नाही. हलकं वाटतं.

दाढी करताना दोन्ही कानांखाली रोज बघतो. काही नसतं. मानेमागचं बघायला दुसरा आरसा लागतो, आणि तो आणायचं काम मुलाकडे आहे.

काल दुपारी पडदे ओढून, भिंतीकडे तोंड करून आडवा झालो होतो. पाठीमागून बायको म्हणाली,

"अहो, जरा उताणे झोपा ना. इतके दिवस लुकलुकत होतं तोवर चालून जात होतं. आता एकसारखा उजेड येतोय डोळ्यांवर."