झाकण तिचं, बुरशी कोणाची?

“माझी बुरशी गेली, मॅडम. तसली दुसरी कुठेच नाही.”

संशोधक बाईंनी पिशवीतून झाकणाची चपटी काचेची पेट्री डिश काढून गुप्तहेर बाईंसमोर ठेवली. आत दाट हिरवी बुरशी माजली होती. झाकणावर शाईने त्यांचं नाव होतं.

“काल संध्याकाळी पांढरी होती, कडेला पिवळी. नवी जात आहे, औषधी द्रव्य देणारी. एकाच डिशमध्ये रुजली. ज्या झाडावर सापडली ते तोडलं गेलं. दुपारी परीक्षक येताहेत. जिवंत बुरशी दाखवली नाही तर सगळं काम पाण्यात.”

“नाव झाकणावर का?”

“तळावरचं पुसट झालं होतं. काल सगळे गेल्यावर, निघताना, झाकणावर लिहिलं.”

गुप्तहेर बाईंनी डिश उलटी केली. तळ लख्ख होता. त्याला स्पिरिटचा वास येत होता.

“ही कोणी पाहिली?”

“कोणीच नाही. सकाळी दिसताच पिशवीत टाकली. प्रयोगशाळेतल्या माझ्या नणंदेला आणि प्रमुखांना फोनवर ‘बुरशी गेली’ एवढंच सांगितलं.”

“रात्रीत हिरवी बुरशी शिरली असेल,” भाऊजी म्हणाले. मेहुणीच्या प्रत्येक चौकशीत ते हौसेने सोबत असत. “आमच्या पावावर येते तशी.”

“तुमचा पाव आठवडाभर पडून असतो, भाऊजी.”

प्रयोगशाळेत नणंद हिरव्या बुरशीवरच काम करत होती.

“वहिनीनं माझंच नाव घेतलं असणार!”

“नाही घेतलं.”

“मग डोकं ठिकाणावर आहे. आधी तळावर तिचं नाव आहे का बघा. इथे सगळे तळावरच लिहितात. झाकण काय, कुणाचंही कुणावर बसतं.”

“घरचंच भांडण,” भाऊजी बाहेर आल्यावर कुजबुजले.

प्रमुख आपल्या खोलीत होते. “मी कालपासून तिकडे पाय ठेवलेला नाही. निष्काळजीपणा, दुसरं काय? झाकणावर तिच्याच हातचं नाव आहे, म्हणजे डिश तिचीच. दुसऱ्यांवर आळ कशाला?”

गुप्तहेर बाईंनी नणंद-भावजयींना तिथेच बोलावलं.

“इतकी दाट बुरशी एका रात्रीत वाढत नाही. म्हणजे यांची डिश बिघडली नाही, बदलली. हिरव्या डिशच्या तळावरचं नाव कोणीतरी स्पिरिटने पुसलं आणि वर यांचं झाकण बसवलं.”

“हिरवी बुरशी तर नणंदेकडेच आहे!” भाऊजी म्हणाले.

“पण ती म्हणाली, तळावर बघा. झाकणावर लिहिलंय हे तिला ठाऊकच नव्हतं. ते काल सगळे गेल्यावर लिहिलं, आणि डिश सकाळपासून पिशवीत होती. मधल्या रात्री जो त्या खोलीत गेला, त्यालाच झाकण माहीत. सर, तुम्हाला ते कसं कळलं?”

प्रमुख उठून कपाटासमोर उभे राहिले.

“नवी जात आपल्या नावावर करायची, तर ती जिवंत हवी. कपाट उघडा.”

“किल्ली घरी राहिली.”

“सर,” नणंद म्हणाली, “खिशात वाजतेय ती कशाची?”

कपाटात प्रमुखांचं नाव लिहिलेल्या झाकणाखाली पांढरी बुरशी होती, कडेला पिवळी. तळ उजेडात धरताच संशोधक बाईंचं पुसट नाव दिसलं.

जिन्यावर पावलं वाजली. परीक्षक आले होते. संशोधक बाई डिश छातीशी धरून रडू लागल्या.

“रडणं नंतर, वहिनी,” नणंदेने तिला प्रयोगशाळेत आणून बर्नर पेटवला. “आधी या बुरशीचे तुकडे आणखी चार डिशमध्ये लावून टाक. मी झाकणं धरते.”

परीक्षक दारात आले. त्यांना बसा म्हणायला कोणाला सवड नव्हती.