घोट्याची तार

मी आत पाऊल टाकताच मालकांनी दार लावून घेतलं. "उघडं ठेवू नका," एवढंच म्हणाले. सकाळचे दहा वाजले होते, तरी घरात दिवे लावलेले. खिडक्यांच्या फटी चिकटपट्टीने बुजवून टाकल्या होत्या.

मी पंधरा वर्षं किडे मारायचं काम करतो. वास मला कळतात. मेलेला उंदीर, ओली वाळवी, सडका बटाटा. इथला वास गोडसर होता, तान्ह्या बाळाच्या ओकारीसारखा. मी नाकाला रुमाल बांधला.

घरात दोनच माणसं. धान्याचे घाऊक व्यापारी असलेले मालक, आणि त्यांची थोरली बहीण. तिला ते आक्का म्हणत. स्वयंपाकघरामागे कोठीची खोली होती. छताला टेकलेली तांदळाची पोती, पोत्यांवर जाळी धरलेली, आणि भिंतींवर अळ्या इतक्या की रंगच हलतोय असं वाटावं.

"हे सगळं टाकावं लागेल," मी म्हणालो.

"एक दाणा बाहेर जाणार नाही. तुम्ही फक्त किडे मारा."

"शेजारीण वाटीभर मागायला आली होती, तिलाही दिला नाही याने," आक्का दारातून म्हणाल्या.

कीड किती खोल गेलीय ते बघायला मी एका पोत्यात हात घातला. आत ऊब होती, माणसाच्या काखेत असते तशी. दाणे बोटांना चिकटले. मी एक बादली उपसली, मग दुसरी, मग तिसरी. पोतं कमी व्हायचं सोडून फुगलं आणि त्याची शिवण उसवली. आत हवा धरली असेल, असं मी स्वतःला समजावलं.

भिंतीपर्यंत औषध मारायला पोती सरकवली, तेव्हा ती दिसली. लक्ष्मीची संगमरवरी मूर्ती, उभी, हातभर उंच. दोन्ही घोट्यांना तार गुंडाळून ती भिंतीतल्या खिळ्यांना आवळली होती. तार दगडात रुतली होती. रुतल्या जागी पांढरट, चिकट काहीतरी साचलं होतं आणि त्यात अळ्या वळवळत होत्या.

"उभी लक्ष्मी निघून जाते, असं कुणीतरी याच्या डोक्यात भरवलं," आक्का म्हणाल्या. "चंचल म्हणून नावं ठेवतात तिला. अरे, ती या हातातून त्या हातात जाते, म्हणून तर सगळ्यांच्या चुली पेटतात. कोंडून ठेवली की नासते. आणि कोंडणाराही नासतो." त्यांनी माझ्या पिशवीकडे बघितलं. "पक्कड आहे ना? माझ्या बोटांत जोर उरला नाही आता."

"तारेला हात लावू नका," मालक म्हणाले.

मी असल्या गोष्टी मानत नाही. पण ते घोटे बघवत नव्हते. मी तार कापली.

काहीच आवाज झाला नाही. फक्त खिडकीची चिकटपट्टी वरपासून खालपर्यंत सावकाश सुटत गेली.

एकेक पोतं खाली बसलं. आत कोंडासुद्धा नव्हता.

मी वळून पाहिलं. मूर्ती नव्हती, भिंतीवर नुसते खिळे होते.

मालकांनी एक तळहात तोंडावर गच्च दाबला होता. त्यांचे गाल आणि गळा टम्म फुगले होते.

"थुंक," आक्का त्यांच्या पाठीवर मारत म्हणाल्या. "सोड रे, थुंकून टाक."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

नाकपुडीतून तांदळाचा एक ओला दाणा बाहेर आला. पाठोपाठ एक अळी. तोंडावरचा हात न काढता मालकांनी दुसऱ्या हाताच्या करंगळीने दोन्ही परत आत ढकलली.