कोर्ट उठेपर्यंत

त्या दिवशी ती डबा घेऊनच निघाली. शिक्षा सुनावायची तारीख होती, वेळ लागणार हे ठरलेलं. दोघींचा डबा, पाण्याची बाटली, छत्री. दुसरी म्हणजे तिची धाकटी जाऊ. चार वर्षं तारखा पडल्या आणि प्रत्येक तारखेला या दोघी मागच्या बाकावर. कोर्टातला पट्टेवाला तिला वेतवाली मावशी म्हणायचा, कारण त्या खोलीतल्या खुर्च्यांच्या बैठका तिच्याच मुलानं वेतानं विणल्या होत्या. न्यायाधीशसाहेबांची उंच खुर्चीसुद्धा.

वेताचं काम साधं दिसतं, साधं नसतं. पट्ट्या रात्रभर बादलीत भिजवायच्या आणि ओल्या असतानाच विणायच्या. मग सुकता सुकता त्या आपोआप ताणतात आणि करकरतात. तिच्या घरात तो आवाज आणि तो ओला, जरासा आंबूस वास कायमचा मुक्कामाला. मुलगा हसून म्हणायचा, खुर्ची बोलायला लागली, म्हणजे झाली तयार.

पोलीस चौकीच्या खुर्च्याही त्यानंच विणल्या होत्या. एक दिवस तिथला सगळ्यांत दांडगा पोलीस, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो बसला आणि खुर्चीसकट खाली आला. लाकूड किडलेलं होतं, वीण शाबूत होती. पण चौकीभर हशा पिकला. हसले बाकीचे, मार खाल्ला यानं. पैलवान आणि त्याचा जोडीदार गोडबोल्या, दोघांनी दुपारभर तेल पाजलेल्या वेताच्या काठ्यांनी झोडपला. आधी बोटं. गोडबोल्या मारतानाही गोडच बोलत होता म्हणे.

आठ महिने पोरगा रक्त ओकत राहिला आणि साक्षीच्या तारखेआधी गेला. त्या तारखेला पट्टेवाल्यानं नियमाप्रमाणे त्याचं नाव तीनदा पुकारलं. तिनं उठून सांगितलं, तो नाही आता. कारकुनानं वहीत लिहिलं, गैरहजर. पुढे दोन काठ्यांतली एक पुरावा म्हणून टेबलावर आली, चिठ्ठी बांधून. दुसरी, गोडबोल्याची, हरवली, असं चौकीनं लेखी कळवलं.

तर शिक्षा. साहेब मवाळ माणूस, आवाज मधासारखा. म्हणाले, मारहाण सिद्ध झाली, मृत्यूशी तिचा संबंध सिद्ध झाला नाही. दोघांची नोकरी चांगली झाली आहे, पदरात मुलंबाळं आहेत. म्हणून शिक्षा एवढीच, की आज कोर्ट उठेपर्यंत दोघांनी कैदेत म्हणून इथं बाकावर बसून राहायचं. पैलवानानं रुमालाआड हसू दाबलं. गोडबोल्यानं घरी निरोप धाडला, संध्याकाळी चहाला येतो.

जाऊ तिचा हात धरून उठायला लागली. म्हणाली, "ताई, चला. काय बघायचं राहिलं आता?"

"कोर्ट उठेपर्यंत बसायचंय ना त्यांना? मग मी पण बसते. एक मिनिट जरी कमी बसले, तर मला कळायला नको?"

दुपार सरली. दुसरे खटले आले, गेले. चारच्या सुमाराला तिला वास आला. ओल्या वेताचा. तिला वाटलं, आपल्या पदराला असेल. मग करकर सुरू झाली, बारीक, थांबून थांबून. साहेबांनी दोनदा वाकून आपल्या खुर्चीखाली पाहिलं. पैलवानानं बाक चाचपला. बाक लाकडाचा होता, त्यात वेताचा धागा नव्हता.

त्या कोर्टाची एक रीत होती. दिवस संपताना पट्टेवाला दारात उभा राहून तीनदा विचारायचा, कोणी राहिलंय का? उत्तर आलं नाही, की साहेब उठायचे आणि कारकून वहीत वेळ लिहायचा. कोणी राहिलं असेल, तर त्याचं ऐकल्याशिवाय कोर्ट उठत नसे.

साडेपाचला पट्टेवाल्यानं विचारलं. शांत. दुसऱ्यांदा विचारलं. गोडबोल्या टोपी घालायला लागला होता. तिसऱ्यांदा विचारलं आणि साक्षीदाराच्या रिकाम्या पिंजऱ्यातून उत्तर आलं. घसा बसलेला, पण स्पष्ट.

"मी राहिलोय..."

साहेब अर्धे उठले होते, ते तसेच खाली बसले. सरकारी वकील पुटपुटला, वारा असेल. खिडक्या बंद होत्या. पट्टेवाल्यानं पुन्हा तीनदा विचारलं. पुन्हा तेच.

ती उभी राहिली. तो आवाज तिनं पहिल्या रडण्यापासून ऐकलेला.

"साहेब, त्याला तुम्ही पुकारलं होतंत. आला नाही म्हणून गैरहजर लिहिलंत. आता आलाय. आता लिहा."

साहेबांनी लेखणी उचलली नाही. ते घामाघूम होऊन मागच्या दारानं निघून गेले. ती सरळ कारकुनापुढे गेली आणि विचारलं, कोर्ट उठलं असं मांडलंत का वहीत? त्यानं मान हलवली. "साहेबांनी सांगितलंच नाही, मावशी."

"मग शिक्षा सरली नाही. उद्या आणा दोघांना."

घरी मुलाची शेवटची खुर्ची अर्धी विणून पडली होती, चार वर्षं कुणी हात न लावलेली. त्या रात्री तिनं पाहिलं, तर एक ओळ वाढलेली. हात लावला, पट्टी ओली. वेताचा रंग पिवळट असतो, ही पट्टी काळपट होती, तेल प्यायलेली. बादली कोरडी पालथी होती.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशीही. साहेब रजेवर गेले, नवे साहेब आले, त्यांनीही तिसऱ्या हाकेचं उत्तर ऐकलं आणि खुर्चीला चिकटून बसले. घरातली खुर्ची रोज एक ओळ भरत होती. टेबलावरची पुराव्याची काठी रोज बारीक होत होती, कुणीतरी पट्टी पट्टी सोलून न्यावी तशी. सगळ्यांना दिसायचं, बोलायचं कुणीच नाही.

दोघांना आणावं लागत नव्हतं. अकराच्या ठोक्याला आपणहून येऊन बसत. गोडबोल्याची वाचा बसली होती. एकदा मधल्या सुट्टीत पैलवान तिच्यापाशी आला, गाल खपाटीला गेलेले. हात जोडून म्हणाला, "मावशी, सांगा ना त्याला... पुरे म्हणावं आता."

तिनं डब्याचं झाकण लावलं. "त्यानं सांगितलं होतं ना तुम्हाला, पुरे म्हणून? किती वेळा सांगितलं होतं?"

पैलवान जागेवर जाऊन बसला.

तिसऱ्या आठवड्यात काठी संपली. टेबलावर दोरी आणि चिठ्ठी तेवढी उरली. घरातल्या बैठकीत चार बोटं जागा मोकळी होती. जाऊ म्हणाली, सुटलो, आता यापुढे विणणार कशानं?

सकाळी खुर्ची पूर्ण होती. शेवटच्या चार बोटांतल्या पट्ट्या निराळ्या, लालसर. त्यांच्यावर डागलेला आकडा होता, एकेक अंक एकेका पट्टीवर, शेजारी शेजारी बसवलेला. तिला वाचता येत नव्हतं. जावेनं वाचला आणि तोंडावर पदर घेतला. गोडबोल्याच्या कमरेच्या पट्ट्यावर तोच आकडा होता, रोज कोर्टात दिसणारा. हरवली म्हणून कळवलेली ती दुसरी काठी कोर्टानं कधी पाहिलीच नव्हती.

तिनं खुर्ची डोक्यावर घेतली आणि भर उन्हात कोर्ट गाठलं. पट्टेवाल्यानं अडवलं नाही, उलट दार धरून ठेवलं. खुर्ची तिनं साक्षीदाराच्या पिंजऱ्यात ठेवली, पदरानं पुसली आणि मागच्या बाकावर येऊन बसली.

साडेपाचला हाक झाली. पहिली, दुसरी, तिसरी. त्या दिवशी उत्तर आलं नाही. नवे साहेब सुटकेचा श्वास सोडून उठायला लागले.

तेवढ्यात पिंजऱ्यातली रिकामी बैठक हळूच खाली दबली, कुणीतरी दमून टेकावं तशी, आणि करकरली.

साहेब खाली बसले.