राघवनं आवळलेले शॉकर

“चेनला तेल किती थेंब घालतात?”

इतकं गंभीर तोंड करून कुणी हे विचारलं, तर हसू येणार नाही का? मी हसलेच. माधवगंजातल्या आमच्या स्पेअर पार्टच्या दुकानात लोक येतात, सामान मागतात, जातात. थेंब कुणी विचारत नाही!

“खोकल्याचं औषध नाहीये हो ते,” मी म्हटलं. “बाइक कुठवर न्यायचीय?”

“कोल्हापूर.”

ग्वाल्हेरहून कोल्हापूर? मी त्याला नीट न्याहाळलं. चष्मा, इस्त्रीचा शर्ट, स्वच्छ नखं. नाव राघव, घर गोरखीत. कोल्हापूरच्या एका कॉलेजात नोकरी लागली होती, आठ दिवसांनी निघणार होता.

“मेकॅनिकला द्या ना. सीधी बात.”

“आणि वाटेत मेकॅनिक नसला तर? मला स्वतःलाच यायला हवं... सगळं.”

आतून बाबा म्हणाले, “गरिमा, शिकव त्याला. मागचं अंगण रिकामंच आहे.”

मग काय, रोज संध्याकाळी स्वारी हजर! ऑइल बदललं, प्लग साफ केला, क्लचची केबल नवी टाकली. मी सांगेन ते सगळं वहीत लिहून घ्यायचा, बावळट कुठला! एकदा त्याच्या गालावर ग्रीस लागलं. पुसायला मी हात पुढे केला... आणि तसाच मागे घेतला.

“काय झालं?” त्यानं हळूच विचारलं.

“कुछ नहीं. चेन बघा तुम्ही.”

त्याचे कान लाल झाले. माझेही झाले असणार.

पाचव्या दिवशी मला कळून चुकलं, की पाच वाजले की माझं गिऱ्हाइकांकडे लक्षच नसतं. मी प्रेमात पडले होते. आणि बाइक नीट झाली की हा जाणार होता. म्हणजे त्याला जायला तयार मीच करत होते! अशी चीड आली ना स्वतःची!

निघायच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्यानं सगळं एकट्यानं केलं आणि म्हणाला, “तपासा.”

एक तरी चूक काढायचीच, असं मी ठरवलं. चूक निघाली, तर अजून एक संध्याकाळ मिळाली असती. ब्रेक पाहिले, छान. चेन जेवढी ढिली हवी तेवढीच. लाइट, हॉर्न, बॅटरी... सगळं ठीक! मला रडूच यायला लागलं. शेवटी सीट जोरात दाबून पाहिली, तर मागचे, धक्के झेलणारे शॉकर हलेचनात. चाकातली हवा मोजली, तीही जास्त.

“हे काय? शॉकर शेवटच्या खाचेपर्यंत आवळलेत! दोघं बसणार असतील तर असं करतात. तुम्ही एकटेच जाताय ना? की कुणी...”

तो कापडाला हात पुसत राहिला. “तुम्ही पकडाल, ठाऊक होतं. आपणहून बोलायचं धाडस होत नव्हतं. तुम्ही पकडलंत की सांगावंच लागेल, म्हणून...” त्यानं वर पाहिलं. “गरिमा, तुम्ही बसाल मागे? उद्या नाही म्हणत. दिवाळीत आई-बाबांना घेऊन तुमच्या घरी येतो. मग.”

“ही काय पद्धत झाली विचारायची?” मला हसूही येत होतं, रडूही. “इतक्या कडक शॉकरवर एकटा तेराशे किलोमीटर गेलास, तर कंबर मोडेल तुझी!”

मी खाली बसले. हुकासारखा पाना घेऊन दोन्ही शॉकर तीन-तीन खाचा ढिले केले, हवाही कमी केली. मग पाना पुसला आणि सरळ माझ्या पर्समध्ये टाकला.

“अगं, तो माझ्या किटमधला आहे. वाटेत लागला तर?”

“एकट्याला नाही लागत,” मी म्हटलं. “दिवाळीत ये. मी बसेन मागे... आणि शॉकरही मीच आवळेन.”