झोळीची कडी

सकाळी ऑफिसला निघताना कुमार म्हणाला, "वल्लरी, नाही जमलं तर राहू दे. टीव्हीतून धूर मात्र काढू नकोस."

"निघालाच तर त्यावर तुझा चहा ठेवीन," ती म्हणाली.

पण जमायलाच हवं होतं. टीव्हीला जोडायचा तो जुना कॉम्प्युटर दिराने दिला होता. त्यावर लिहायचा प्रोग्राम, म्हणजे एडिटर, कॅसेटवर होता. टेपरेकॉर्डर लावून तो कॉम्प्युटरमध्ये चढवायचा. चढला, तर एका प्राध्यापकांचा प्रबंध घरी बसून टाइप करता येणार होता. नाहीतर पुढच्या महिन्यापासून पुन्हा फोर्टातली नोकरी, आणि शार्दूल, जेमतेम मान धरायला लागलेला, पाळणाघरात.

नवीन पनवेलची सुस्त दुपार. बिल्डिंगमधले निम्मे फ्लॅट अजून रिकामेच. शार्दूल तिच्या पाठीमागे झोळीत होता. झोळीची कडी त्यांनी बसवलेली नव्हती. स्लॅब भरतानाच कामावरच्या कुणीतरी, बहुधा आपल्या लेकरासाठी, सळई वाकवून ठेवली होती, ती आयती मिळाली.

तिने टेपरेकॉर्डरचं बटण दाबलं आणि शार्दूलने भोकाड पसरलं.

"थांब रे राजा, आलेच..."

पडद्यावर काहीच उमटेना. थोड्या वेळाने शार्दूल आपला आपणच गप्प झाला. आपल्या आवाजात जादू आहे तर, असं तिला उगाच वाटून गेलं. मग लक्ष गेलं, प्लेबरोबर रेकॉर्डचं लाल बटणही दाबलेलं! शार्दूलचे हुंकार आईला पाठवायला ती रोज टेप करायची. बोटांना तीच सवय. प्रोग्राम पुसला जात होता.

"शाब्बास! बी.ए., फर्स्ट क्लास," ती स्वतःला म्हणाली.

किती पुसलं ते ऐकायला तिने कॅसेट मागे नेली, कॉम्प्युटरला जोडलेली वायर उपसली आणि प्ले दाबलं. पंख्याची घरघर. शार्दूलचं रडणं. तिचं "आलेच".

मग कर्र... कर्र... झोळी हलवल्याचा आवाज.

झोळीला तर तिने हातही लावला नव्हता.

टेपमधलं रडणं हळूहळू ओसरलं. खोलीत ओल्या सिमेंटचा वास आला. आणि अगदी जवळून, दमलेल्या बाईचा आवाज...

"तू तुजं काम कर गं... मी हाय हितं."

वल्लरीने झडप घालून शार्दूलला उचललं. ऊबदार, गाढ झोपलेला. दाराचा बोल्ट आतून लावलेलाच होता. जिना उतरून पळावं, असं पाय म्हणत होते. पण आज पळालं की पाळणाघर ठरलेलंच.

"नाही," ती मोठ्याने म्हणाली.

कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला तोच प्रोग्राम पुन्हा भरलेला होता. बाळाला खांद्यावर घट्ट धरून तिने कॅसेट उलटली, वायर खोचली. एकच बटण. नीट बघून. पडद्यावर निळे-पिवळे पट्टे धावू लागले, धावत राहिले, आणि शेवटी कोरं पान उघडलं. कोपऱ्यात कर्सर लुकलुकत होता.

"चढला रे..." ती पुटपुटली.

पाठीमागे कर्र... कर्र...

तिने मान वळवली. झोळी संथ हलत होती. रिकामी झोळी चपटी लोंबते. ही मात्र ओझ्याने ताणलेली होती, शार्दूल आत असताना असायची तशी.

तिने तोंड फिरवलं आणि एका हाताने पहिली ओळ टाइप केली.

झोळीतून हळूच हुंकार आला. शार्दूल तिच्या खांद्यावर झोपलेलाच होता.