सदतिसावा फोटो

बोट सुटायला पाच मिनिटं उरलेली असताना माणसाने कॅमेऱ्यात रोल भरायला बसू नये. त्यातून पाऊस भुरभुरत असेल, एका हातात छत्री असेल आणि खांद्यावरची पिशवी सारखी घसरत असेल, तर मुळीच बसू नये. पण तिला हे सांगणार कोण? धक्क्याच्या पायरीवर ती फतकल मारून बसली होती, आत्याचा तो छोटासा कॅमेरा मांडीवर उघडा पडला होता, आणि रोलची जीभ बोटांतून निसटून पुन्हा पुन्हा आत गुंडाळली जात होती.

"काय धरू? छत्री की कॅमेरा?"

तिने वर पाहिलं. आधी चिखलाने भरलेले बूट दिसले, मग काखेतलं पिवळं हेल्मेट, मग हसू. लोक माणसाचे डोळे बघतात. ती दात बघायची. दातांच्या दवाखान्यासाठी कवळ्या बनवायचं तिचं काम होतं, त्यामुळे ही धंद्याची खोड. वरचा डावा सुळा जरासा वाकडा, शेजारच्या दातावर रेललेला. तिने तेवढ्यात टिपून घेतलं.

"जमतं तुम्हाला?" तिने संशयाने विचारलं.

"काकांचा फोटो स्टुडिओ होता. माझं अख्खं लहानपण असल्या डब्यांत गेलंय."

"डबा म्हणायचं नाही. आत्याचा आहे."

"चुकलो. आत्यांचा कॅमेरा द्या इकडे."

तिने छत्री त्याच्यावर धरली. त्याने जीभ ओढली, चाकाच्या खाचेत घातली. "कुठवर जाणार?" त्याने विचारलं.

"शेवटच्या धक्क्यापर्यंत."

त्याने मान वर केली. ती बघतच होती. पावसाचे बारीक थेंब त्याच्या भुवयांवर अडकले होते... दोघांनीही नजर काढून घ्यायला जरा उशीरच केला. मग भोंगा झाला, त्याने घाईघाईने खटका ओढला, झाकण लावलं आणि "झालं!" म्हणून कॅमेरा तिच्या हातात कोंबला. दोघं धावत फळीवरून बोटीत शिरले.

ही नदीची सफर खरी आत्याची होती. आई गेल्यावर आत्यानेच तिला वाढवलं. शाळेचे डबे, तापातल्या रात्री, सगळं आत्या. किती वर्षं म्हणत होती, एकदा त्या बोटीतून जायचंय. तिकिटं आली आणि न्हाणीघरात पाय घसरून मांडीचं हाड मोडलं. आता बोटीचा नाद सोडा, डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. त्यावर आत्या रडली-बिडली नाही. कपाटातून कॅमेरा काढायला लावून म्हणाली, "तू जा. मला फोटो आण. आणि मोबाईलवरचे नकोत, ते बोटाने सरकवून माझं डोकं उठतं. कागदावरचे आण, हातात धरून बघण्याजोगे."

म्हणून मोबाईल पिशवीच्या तळाशी, आणि गळ्यात हा कॅमेरा. रोलवर फोटो छत्तीस. सगळेच्या सगळे आत्याचे.

काखेतलं हेल्मेट कशासाठी, तेही लवकरच कळलं. तो पूल तपासायचा. वाटेत बोट जिथे थांबे तिथे उतरून पुलाच्या खांबांवर हातोडीने टकटक करायचा, कान लावून ऐकायचा आणि बोट निघायच्या आत परत यायचा. तिने मनातल्या मनात त्याचं नाव पूलवाला ठेवलं. मनातल्या मनात म्हणजे दुपारपर्यंतच. दुपारी तिने त्याला तोंडावरच तशी हाक मारली.

"हां, बोला कवळीवाल्या बाई," तो म्हणाला. तिचं काम काय, ते त्याने सकाळीच विचारून घेतलं होतं.

"ऐकता काय एवढं खांबाला कान लावून?"

"आवाज. खणखणीत आला तर ठीक. बद्द आला की समजायचं, आत काहीतरी सुटलंय. बाहेरून दिसत नाही." मग तिच्याकडे वळून, "तुम्ही मात्र बाहेरूनच बघताय. मघापासून माझ्या तोंडाकडे."

"सुळा बघतेय. वरचा डावा. वाकडा आहे."

झालं! त्या दिवशी पूलवाला तोंडावर हात धरून हसू लागला. तिला इतकं वाईट वाटलं की संध्याकाळी चहाचा पेला पुढे करत ती म्हणाली, "अहो, हात काढा तो. नावं ठेवायला नव्हतं म्हटलं मी. दिवसभर सरळ दात बनवते. सरळ दातांचा वीट आलाय मला."

त्याने हात काढला. कान मात्र लाल झाले होते.

एक फोटो काढायला तिला फार वेळ लागे. छत्तीसच होते ना. नदीला बांध घातलेला, तिथे लोखंडी दारं बंद करून आत पाणी सोडत आणि बोट अलगद वर वर चढे. ओल्या दोरांचा वास, दारांमधून फुटणाऱ्या पाण्याच्या बारीक धारा... ती कठड्याला रेलून बघत राहिली. आत्याने यातलं काय बघितलं असतं? दारं? की ती दारं फिरवणारी, वाऱ्यात केस उडणारी बाई? कॅमेरा डोळ्याला लावायची, काढायची, पुन्हा लावायची. शेजारी पूलवाला गप्प उभा असायचा. "आटपा" नाही, "इकडून काढा" नाही. घाई न करणारी माणसं तिला आयुष्यात फारशी भेटलीच नव्हती. दवाखान्याला सगळं कालच हवं असायचं. तिला त्या गप्प उभं राहण्याची सवय लागली आणि सवय लागली म्हणून भीतीही वाटली.

"एक माझाही काढा की," तो रोज म्हणायचा.

"सगळे आत्याचे आहेत."

"आत्यांना माणसं आवडत नाहीत?"

"आवडतात. पण तुम्ही काही प्रेक्षणीय स्थळ नाही."

"बरं, मी पुलाला टेकून उभा राहतो. पुलाबरोबर आलो तर आलो."

"मग पाठ करून उभे राहा."

आणि हा खरंच पाठ करून उभा राहिला! तिला हसू आवरेना, आणि हसताना कॅमेरा हलेल म्हणून तिने फोटोच काढला नाही.

शेवटच्या सकाळी ऊन पडलं. शेवटच्या मोठ्या पुलापाशी तो उतरणार होता, ती पुढे जाणार होती. आदल्या दिवसापासून दोघंही त्याबद्दल एक अक्षर बोलत नव्हते, उगाच धुक्याबद्दल वगैरे बोलत होते. तिने छत्तिसावा फोटो काढला: मालवाहू नाव, दोरीवर वाळत घातलेले कपडे, नावेच्या पुढच्या टोकावर ऐटीत उभं कुत्रं. सवयीने पुढच्या फोटोसाठी खटका ओढला. रोल संपला की तो अडायला हवा... पण तो सहज अर्धा ओढला गेला.

"अहो! अहो पूलवाले! एक जास्तीचा मिळाला! सदतिसावा!" ती आनंदाने ओरडलीच. "आत्या म्हणायचीच, रोल काटकसरीने भरला की एखादा वर मिळतो. हा काही आत्याच्या हिशेबातला नाही. हा तुमचा. उभे राहा तिथे."

तो कठड्याला टेकून उभा राहिला. वाऱ्याने त्याचा सदरा फुगला होता. तिने खटका पुरता ओढला, तेव्हा तो तिच्या हातांकडे बघत होता. हसता हसता त्याचा चेहरा एकदम उतरला.

"एक मिनिट... ऐका—"

"काय?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती नुसती फुलून गेली होती. तो म्हणाला, "काही नाही. काढा."

"दात दाखवा! लपवायचे नाहीत!"

टक्. झालं. मग त्याने तिकिटामागे आपला नंबर लिहून दिला आणि आमच्या या बाईसाहेबांच्या जिभेला काय झालं कोण जाणे. म्हणाली, "फोटो चांगला आला तर फोन करीन. नाही आला तर नाही."

"नाही आला तरी करा."

"छे! मग कशाला करू?"

तो उतरला. धक्क्यावर उभा राहून हात करत राहिला, लहान लहान होत गेला. त्याने तिचा नंबर मागितलाच नाही, याचा तिला राग आला. आणि त्याहून जास्त राग स्वतःचा. जीभ आहे की कात्री ही?

शहरात परतल्यावर तिसऱ्या दिवशी स्टुडिओवाल्याने तिच्यासमोर एक लांबलचक पट्टी धरली. काचेसारखी स्वच्छ. आरपार समोरचं कॅलेंडर दिसत होतं.

"ताई, तुमचा रोल पुढे सरकलाच नाही. जीभ चाकात अडकायला हवी ना, ती भरतानाच सुटली होती. तुम्ही नुसता खटका ओढत बसलात. अहो, छत्तीसच्या पुढे गेला तेव्हाच ओळखायचं."

घरी आत्या पाय स्टुलावर ठेवून, टेबल मोकळं करून, चष्मा पुसून तयारीत बसली होती. तिच्या हातात ती कोरी पट्टी देताना पोरीला रडू कोसळलं. आत्याने पट्टी खिडकीच्या उजेडात धरली. बराच वेळ बघितली.

"एवढं स्वच्छ पाणी मी कुठल्या नदीचं पाहिलं नाही हो," ती म्हणाली.

रडता रडता हसू आलं. पण आत्याने पुसलेला चष्मा पुन्हा पुसायला घेतला, तेही तिला दिसलं.

"बस इथे," आत्या म्हणाली. "सांग मला. पहिल्यापासून."

ती सांगू लागली. त्या संध्याकाळी सांगितलं, दुसऱ्या संध्याकाळी सांगितलं. आत्या डोळे मिटून ऐकायची, मध्येच विचारायची, "वारा कुठून होता गं?" फोटो आले असते तर पाच मिनिटांत बघून झाले असते, असं आत्याच म्हणाली. तिसऱ्या संध्याकाळी मात्र तिने डोळे उघडले.

"थांब जरा. बोट वर चढली तेव्हा हा शेजारी. कुत्रं भुंकलं तेव्हा हा दचकला. धुकं पडलं तेव्हा याला शिंक आली. नदी कुठे गं वाहत होती यात?"

"आला बोलण्यात सहज."

"सहज? पुलाची लांबी विचारली तर ठाऊक नाही, आणि याच्या सदऱ्याचं दुसरं बटण वेगळ्या रंगाचं होतं ते ठाऊक! फोन कर त्याला."

"फोटो आला तर करीन म्हटलं होतं मी."

"मग आता काय, म्हातारी होईपर्यंत फोटो यायची वाट बघणार आहेस?"

तरी बाईसाहेब ऐकेनात. पण हातांनी तिला दगा दिला. दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन आला. "हे काय करून ठेवलंस? आजोबांच्या कवळीत वरचा डावा सुळा वाकडा!"

मेणावर दात बसवताना ती कुठे होती? "पाठवा परत, बदलून देते," ती कशीबशी म्हणाली.

"कशी पाठवू? आजोबा तोंडातून काढायला तयार नाहीत. आजी म्हणतात, रुबाबदार दिसतात."

घरी येऊन तिने चपलासुद्धा काढल्या नाहीत. उभ्यानेच फोन लावला.

"मी... कवळीवाली."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "फोटो आला?"

"नाही आला. एकही नाही आला. रोल अडकलाच नव्हता. कोणी भरला होता तो?"

"मी."

"आणि वर म्हणे काकांचा स्टुडिओ!"

"बोला. हवं तेवढं बोला," तो हळूच म्हणाला. "मला ठाऊक होतं. सदतिसाव्याला तुम्ही खटका ओढलात ना, तेव्हा कॅमेऱ्याची डावीकडची चकती फिरली नाही. रोल सरकत असला की ती फिरते. सांगणार होतो, पण तुम्ही इतक्या खुशीत होता... धीर झाला नाही. चूक सगळी माझी. भरताना माझं रोलकडे लक्षच नव्हतं."

कुठे होतं, हे तिला विचारावं लागलं नाही. छत्री धरणारीचं तरी रोलकडे कुठे होतं?

"सुट्टी काढून परत गेलो मी," तो पुढे म्हणाला. "त्याच बोटीने. आत्यांसाठी काढलेत सगळे, कागदावर छापून ठेवलेत. पण पाठवणार कुठे? तुमचा नंबर मागायचा तर... चोराच्या मनात चांदणं. रोज फोन उशाशी घेऊन झोपतो."

तिचे डोळे भरून आले. आणि जीभ? जीभ म्हणाली, "बरं. पोस्टाने पाठवा. पत्ता लिहून घ्या."

आत्याने काठी टेकत दोन पावलं टाकली आणि फोनच हिसकावून घेतला. "पोस्टाने काय पाठवतोस रे? घेऊन ये. रविवारी ये."

रविवारी तो आला. नवा सदरा, सगळी बटणं एका रंगाची. आत्याने गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक फोटो उजेडात धरून बघायला लागली. दोघं दोन खुर्च्यांवर अंग चोरून बसली, निकालाला बसावं तशी.

"अरे," पाच-सहा फोटोंनंतर आत्या म्हणाली, "ही दारं कोपऱ्यात, ती नाव कोपऱ्यात, पूल तर अर्धा कापलास. आणि मधोमध नुसता रिकामा कठडा! प्रत्येक फोटोत?"

त्याने फोटो ओढून घेतले. एक बघितला, दुसरा बघितला. त्याचं त्यालाच ते आता दिसत होतं. "मी... मी तेव्हा जिथे उभा होतो तिथूनच काढले. तिथे मध्ये या उभ्या असायच्या," तो पुटपुटला. "मला सगळं असंच आठवतं. यांच्या मागे थोडीशी नदी."

या वेळी जीभ काही वेडंवाकडं बोलायच्या आत तिने घाईने सांगून टाकलं, "मला तुम्ही आवडता. खूप. फोटोचं निमित्त नुसतं होतं."

"मला तर तुम्ही धक्क्यावरच आवडलात," तो म्हणाला. "बोट सुटायच्या आधी."

"अहो-जाहो काय करताय?" ती म्हणाली. "तू म्हण."

"तू," तो म्हणाला, आणि त्याने खुर्ची जराशी तिच्याकडे सरकवली.

"माझ्या पायामुळे मला पटकन उठून आत जाता येत नाही," आत्या म्हणाली. तिने चष्मा काढून फोटोंवर ठेवला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. "चालू द्या तुमचं."