पेटणाऱ्या दिव्यावर लाल चिठ्ठी

"दिवा पेटतोय की! मग लाल चिठ्ठी का?"

कस्तुरी मेश्राम एका जागी उभी राहू शकत नव्हती. साल होतं २०५१. वडशाच्या मैदानावर मंडप सजला होता. मुलांच्या नाटकाला पाच वाजता सुरुवात होणार होती आणि साडेचार तर केव्हाच होऊन गेले होते. कस्तुरी वनदेवी झाली होती. नाटकाच्या शेवटी तिने अनवाणी चालत येऊन मोठा दिवा हाताने वळवायचा, की जंगलात पहाट होणार. नेमका तोच दिवा परीक्षितने लाल चिठ्ठी लावून अडवून ठेवला होता. परीक्षित हा यंत्रमानव फिरत्या नाटकांचे दिवे तपासायचा.

"सकाळी गोविंदामामांनी लावला तेव्हा लख्ख पेटला होता," असं म्हणत कस्तुरीने चिठ्ठी ओढून काढली आणि प्लग उचलला.

"थांब!" परीक्षित ओरडला. "सांग, या केबलमध्ये तारा किती?"

"तीन."

"दिवा पेटायला किती लागतात?"

"दोन. एकीतून वीज येते, दुसरीतून परत जाते." कस्तुरी अडखळली. "मग तिसरी कशाला?"

"ती भूसंपर्क तार (बिघाड झाल्यास वीज जमिनीत नेणारी तार). तिचं एक टोक दिव्याच्या पत्र्याला, दुसरं प्लगच्या जाड पिनेला. आतली वीज पत्र्यात उतरली, तर ती या तारेतून जोरात जमिनीकडे धावते आणि विजेच्या पेटीतला एमसीबी (वीज आपोआप तोडणारा खटका) पडतो."

"आणि तीच तार तुटली असेल तर?"

"दिवा पेटतच राहील. पण पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून वीज जमिनीत जाईल."

परीक्षितने एक चिमटा जाड पिनेला लावला, दुसरा दिव्याच्या स्क्रूला. त्याच्या छोट्या पडद्यावर रोध (विजेच्या वाटेतला अडथळा) दिसला: ०.०८ ओहम, म्हणजे अगदी कमी.

"बघ, ठीक आहे!" कस्तुरी उतावीळपणे म्हणाली.

"आता केबल प्लगपाशी हलव."

तिने ती जराशी वाकवली. आकडा गायब! पुन्हा वाकवली, तर आला आणि लगेच गेला.

"दर गावाला गुंडाळताना ती इथेच वाकते. तार आतून तुटली आहे," परीक्षित म्हणाला. "शिवाय दिव्यात शिरते तिथे केबलचं वेष्टण झिजलंय. तिथून वीज पत्र्यात झिरपते."

कस्तुरीने आपल्या अनवाणी पायांकडे पाहिलं. तिने हातातला प्लग खाली ठेवला.

गोविंदामामा शिडीवरून उतरले. नाटक मंडळाचे दिवे तेच सांभाळायचे. त्यांचा चेहरा उतरला होता. "माझ्या पायात रबरी बूट होते, म्हणून वाचलो. पेटला म्हणजे झालं, असंच समजत आलो मी, पोरी."

बाहेर प्रेक्षक शिट्ट्या मारू लागले. कस्तुरी थेट माइकपाशी गेली. "दिव्यात बिघाड सापडलाय. अर्धा तास थांबा!" लोक कुरकुरले, पण उठलं कुणी नाही.

मामांनी अख्खी केबल बदलली. परीक्षितने सगळ्या चाचण्या पुन्हा घेतल्या. या वेळी कस्तुरीने केबल चांगली चारदा वाकवून पाहिली. आकडा जागचा हलला नाही. वेष्टणाची चाचणीही पार पडली आणि दिव्याला हिरवी चिठ्ठी मिळाली.

त्या दिवशी जंगलात पहाट पस्तीस मिनिटं उशिरा झाली.

पडदा पडल्यावर कस्तुरीने विचारलं, "आपली तार तुटली हे दिव्यानेच सांगितलं तर?"

"असा दिवा या मंडळाकडे नाही."

"मग मी बनवीन."

"त्यासाठी आधी खूप दिवे तपासावे लागतील," परीक्षित म्हणाला आणि त्याने तिच्या हातात एक चिमटा दिला. उद्याच्या गावासाठी सतरा दिवे रांगेत उभे होते.